निर्वैर कर्मवीर

पद्मभूषण कर्मवीर डॉ. भाऊराव पाटील यांचे नाव उच्चारताच रयत शिक्षण संस्थेचा वटवृक्ष डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु या पुरुषाची खरी पारख झाली ती संस्था स्थापन होण्याच्या पाच वर्षे आधी, कोल्हापूरच्या तुरुंगात.

दि. २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे एका जैन शेतकरी कुटुंबात भाऊरावांचा जन्म झाला. शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिले. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या उद्घाटनास ते उपस्थित राहिले आणि परतल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्यास त्यांनी साफ नकार दिला. परिणामी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. बोर्डिंगचे प्रमुख होते समाजाचे थोर नेते अण्णासाहेब लठ्ठे. अहिंसेचा उद्घोष करणाऱ्या समाजातही त्या काळी माणसाचा विटाळ मानला जात होता. ही बाजू झाकून ठेवण्याचे काहीच कारण नाही.

पुढे १९१४ साली कोल्हापुरात इंग्रज राजघराण्यातील व्यक्तीच्या पुतळ्यास कोणीतरी डांबर फासले. लठ्ठे आणि दरबार यांचे संबंध तेव्हा बिघडले होते. या प्रकरणात लठ्ठ्यांना गोवण्यासाठी भाऊरावांनी त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी, असा दबाव त्यांच्यावर आणला गेला. मनुष्यस्वभाव पाहता जुना अपमान फेडण्याची ही आयती संधी होती. एक होकार दिला असता तर सूडही साधला असता आणि सुटकाही झाली असती. भाऊरावांनी तो होकार दिला नाही. त्यांना तुरुंगात टाकण्यात आले, अमानुष मारहाण झाली. यातना असह्य होऊन त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला. चरित्रकथांत हा भाग घाईने उरकला जातो. वास्तविक त्यावरूनच कळते की हे धैर्य न घाबरणाऱ्याचे नव्हते. देह आणि मन दोन्ही खचले, तरी जिभेवर असत्य आले नाही. श्रावकाच्या सत्याणुव्रतात खोटी साक्ष वर्ज्य मानली आहे. ते व्रत एवढ्या किमतीला पाळणारे किती निघतील? लठ्ठे पुढे कोल्हापूरचे दिवाण आणि १९३७ साली मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले.

सुटकेनंतर भाऊरावांनी ओगले व किर्लोस्कर यांच्या कारखान्यांच्या मालाची विक्री करीत गावोगाव पायपीट केली. खेड्यातील अज्ञान त्यांनी जवळून पाहिले आणि ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडनजीक काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू झाले. पत्नी लक्ष्मीबाई सोवळे-ओवळे पाळणाऱ्या घरात वाढलेल्या. परंतु त्याच माउलीने या मुलांना एका पंक्तीत जेवू घातले. दागिने एकेक करून गेले. एकदा भाऊराव गावी नसताना घरातील धान्य संपले, तेव्हा मंगळसूत्रही गेले. १९३० साली त्यांचे निधन झाले.

या वसतिगृहाला नाव देण्याची वेळ आली, तेव्हा भाऊरावांपुढे एकच नाव होते. ज्या संस्थानाच्या कोठडीत त्यांनी मरणयातना भोगल्या, त्याच संस्थानाच्या दिवंगत अधिपतीचे! बहुजनांच्या शिक्षणासाठी त्या राजाने केलेले कार्य त्यांनी स्वतःच्या दुःखाहून मोठे मानले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते नामकरण झाले : श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस.