लाटेवरची फळी : टॉम ब्लेक ह्याचें चरित्र

आम्ही वऱ्हाडांतील माणसें. अकोल्याहून काय किंवा अमरावतीहून काय, समुद्र गांठावयाचा म्हणजे आगगाडीची एक रात्र खर्ची घालावी लागते. आमच्या मुलांचें पोहणें गांवच्या विहिरींत नाहीं तर पूर्णेच्या डोहांत व्हावयाचें. पाठीशीं वाळलेला भोपळा किंवा पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा तुकडा बांधावयाचा आणि कांठावर उभ्या असलेल्या वडील माणसाच्या भरंवशावर उडी घ्यावयाची, हा आपला जुना परिपाठ. अशा मुलांस समुद्राच्या लाटेवर फळी टाकून, तिजवर उभें राहून किनाऱ्यास येणाऱ्या पुरुषाची गोष्ट सांगण्याचें प्रयोजन काय, असें कोणी विचारील. प्रयोजन असें कीं, ज्यानें ह्या फळीचें रूप पालटलें तोही महासागरापासून शेंकडों कोस दूर वाढलेला होता. त्याचें नांव टॉम ब्लेक.

टॉमचा जन्म ता. ८ मार्च १९०२ रोजीं अमेरिकेंतील विस्कॉन्सिन प्रांतीं मिलवॉकी शहरीं झाला. त्या प्रांतांत मोठमोठीं सरोवरें आहेत, परंतु महासागर नाहीं. मूल एक वर्षाचें होण्यापूर्वींच आई क्षयरोगानें वारली आणि टॉम नातलगांच्या घरीं वाढला. ज्यास हक्काचें घर नाहीं अशा मुलाचें मन लवकर बाहेर धांवतें. टॉमचें मन पाण्याकडे धांवलें.

सन १९२० मध्यें डेट्रॉइट शहरांतील एका चित्रपटगृहांत त्याची गांठ ड्यूक कहानामोकू ह्याजशीं पडली. ड्यूक हा हवाई बेटांचा रहिवासी. स्टॉकहोम येथील १९१२ च्या आणि अँटवर्प येथील १९२० च्या ऑलिंपिक सामन्यांत शंभर मीटर पोहण्याचें सुवर्णपदक त्यानें जिंकलें होतें, आणि लाटेवर फळीनें स्वार होण्याच्या कलेंत तर तो जगास गुरुस्थानीं होता. भेट क्षणाची, एका हस्तांदोलनापुरती; परंतु अठरा वर्षांच्या टॉमच्या आयुष्यास तिनें दिशा दिली. तो कॅलिफोर्नियांत लॉस एंजेलिस येथें गेला, पोहण्याचा कसून अभ्यास करूं लागला, आणि सन १९२२ मध्यें फिलाडेल्फिया येथील दहा मैलांची राष्ट्रीय शर्यत त्यानें जिंकली.

एवढा पट्टीचा पोहणारा फळीवर सहज उभा राहिला असेल असें वाटेल. पण तसें झालें नाहीं. सांता मोनिका येथें त्यानें पहिल्यानें फळी पाण्यांत घातली तेव्हां फळीचें टोंक लाटेखालीं शिरलें व स्वारासह सर्व कांहीं उलथें झालें. त्यानंतर कित्येक दिवस त्यानें फळीचें नांव काढलें नाहीं. आमच्या विद्यार्थ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें. थोर पुरुषांच्या चरित्रांत पहिली पायरी पुष्कळदां पडण्याची असते. चरित्रकार ती गाळतात म्हणून ती नसते असें नव्हे.

सन १९२४ मध्यें टॉम हवाई बेटांत पोंचला. तेथील होनोलुलु शहरीं बिशप म्यूझियम नांवाचें वस्तुसंग्रहालय आहे. त्यांत पाकी नांवाच्या एका जुन्या सरदाराच्या सुमारें सोळा फूट लांबीच्या फळ्या ठेविलेल्या होत्या. पूर्वीं त्या बेटांत राजापासून रंकापर्यंत सर्व लोक लाटांवर खेळत. परंतु सन १७७८ मध्यें कॅप्टन कुक तेथें आल्यावर परकी माणसांबरोबर परके रोगही आले, लोकसंख्या भराभर घटली आणि ती कला मरणपंथास लागली. सरदारांच्या त्या लांब फळ्यांस ‘ओलो’ म्हणत. विसाव्या शतकाच्या आरंभीं त्या वापरणारा कोणी उरला नव्हता. ह्या फळ्या बहुधा ‘विलिविली’ नांवाच्या झाडाच्या करीत. आमच्या वाचकांस नवल वाटेल कीं, हा विलिविली वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनें आपल्या पांगाऱ्याचाच भाऊबंद आहे. ज्या जातीच्या लाकडावर आपलीं पोरें विहिरींत पोहावयास शिकलीं, त्याच जातीच्या लाकडावर हवाईचे सरदार समुद्रावर स्वारी करीत!

टॉमनें ह्या फळ्यांची डागडुजी करण्याचें काम अंगावर घेतलें. घांसतां-पुसतां त्यानें त्यांची लांबी, रुंदी, कडांचा उतार सर्व नीट पाहून घेतलें. मग सन १९२६ मध्यें त्यानें तशीच एक फळी स्वतः करण्याचें मनावर घेतलें. विलिविलीऐवजीं त्यानें रेडवुड नांवाच्या झाडाची सोळा फूट लांब, दोन फूट रुंद व चार इंच जाड अशी अखंड फळी विकत घेतली. परंतु असें धूड पाण्यापर्यंत न्यावें कसें व वल्हवावें कसें? तेव्हां त्यानें तींत वरपासून खालपर्यंत शेंकडों भोंकें पाडलीं. नंतर ती महिनाभर वाळूं दिली आणि शेवटीं दोन्ही अंगांस पातळ लाकडाचे पत्रे बसवून भोंकांचीं तोंडें बंद केलीं. आंत हवा कोंडली गेली. वाळलेला भोपळा तरतो तो ज्या कारणानें, त्याच कारणानें ही फळीही पाण्यावर उंच तरूं लागली. तयार झालेली फळी पंधरा फूट लांब, एकोणीस इंच रुंद व चार इंच जाड असून तिचें वजन १२० पौंड भरलें. आजच्या मानानें हें वजन फार आहे. परंतु लांकूड पोकळ करून फळी हलकी करतां येते हें तिनें सिद्ध केलें.

सन १९२८ मध्यें कॅलिफोर्नियांतील कोरोना डेल मार येथें पॅसिफिक किनाऱ्याची लाटस्वारीची पहिली स्पर्धा झाली व ती ब्लेकनें जिंकली. पुढें होनोलुलुस फळी वल्हविण्याच्या शर्यतींत त्यानें पोकळ फळी आणली, तेव्हां तिचा आकार पाहून लोकांनीं प्रथम चेष्टा केली. आणि तोच पुढें निघून गेल्यावर, ही चाल न्यायाची नव्हे अशी ओरड झाली. नव्या वस्तूच्या नशिबीं आधीं हंसें व मागाहून हेवा येतो, तो असा.

ब्लेक थांबला नाहीं. भोंकें पाडण्याचें सोडून त्यानें फळीची रचनाच बदलली. आंत आडव्या बरगड्यांचा सांगाडा, वर पातळ लांकूड, अशी विमानाच्या पंखासारखी बांधणी त्यानें केली. सांध्यांतून आंत झिरपणारें पाणी काढून टाकण्याकरितां एक बूच ठेविलें. ह्या शोधाबद्दल त्यास सन १९३२ मध्यें सरकारी पेटंट मिळालें. एक उणीव मात्र उरली होती. लाटेच्या उतारावर फळीची शेपटी बाजूस घसरे. सन १९३५ मध्यें टाकून दिलेल्या एका यांत्रिक होडीच्या तळाचा पंख काढून त्यानें तो आपल्या फळीखालीं शेपटीशीं बसविला, आणि फळी सरळ धांवूं लागली. भंगारांतून उचललेला तो तुकडा आज जगांतील बहुतेक प्रत्येक फळीखालीं कोणत्या ना कोणत्या रूपानें आहे.

हा सर्व नुसता खेळ, असें मात्र पालकांनीं समजूं नये. सन १९२५ च्या जून महिन्यांत कोरोना डेल मार येथेंच खवळलेल्या समुद्रांत एक होडी उलटली. ड्यूक कहानामोकू आपली फळी घेऊन पुनःपुन्हां लाटांत शिरला व त्यानें एकट्यानें आठ माणसें बाहेर काढलीं. ती फळी भरीव व जड होती. पुढें ब्लेकची हलकी, पोकळ फळी निघाल्यावर किनाऱ्यावरील जीवरक्षकांनीं ती आपलें साधन म्हणून हातीं घेतली. बुडणाऱ्यास आधार देऊन ओढून आणावयाचें तर ज्यावर दोघांचा भार राहील असें कांहीं तरी हवेंच. आपल्याकडे दर पावसाळ्यांत नदीनाल्यांवर जे घरोघर हंबरडे उठतात ते ज्यांनीं ऐकले आहेत, त्यांस ह्या गोष्टीची किंमत सांगावयास नको.

ब्लेकनें आपली विद्या झांकून ठेविली नाहीं. सन १९३५ मध्यें त्यानें हवाईच्या फळीविषयीं पुस्तक लिहिलें, आणि १९३७ मध्यें ‘पॉप्युलर मेकॅनिक्स’ मासिकांत पोकळ फळी घरीं कशी करावी ह्याचा आराखडाच छापून दिला. उत्तरायुष्यांत तो पुन्हां विस्कॉन्सिनकडे वळला व तेथेंच सन १९९४ च्या मे महिन्यांत, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षीं, निवर्तला. लांकडाची जागा पुढें फेस व कांचतंतु ह्यांनीं घेतली. आणि टोकियोच्या ऑलिंपिक सामन्यांत, जे सन १९२१ नव्हे तर एका शतकानंतर २०२१ मध्यें भरले, लाटस्वारीस प्रथमच स्थान मिळालें.

विद्यार्थ्यांनीं ह्या चरित्रापासून घ्यावें तें हें कीं, ब्लेकनें नवें कांहीं करण्यापूर्वीं जुन्या कारागिरांच्या फळ्या स्वतःच्या हातानें पुसल्या होत्या. आणि पालकांस आमची विनंति एवढीच कीं, मुलगा घरांतील एखाद्या चांगल्या फळीस भोंकें पाडतांना दिसला तर त्यास रागें भरण्यापूर्वीं, काय करतोस, एवढें विचारावें. कदाचित् त्या भोंकांमागें कांहीं विचार असेल.