खरकट्या पाण्यातलं विज्ञान

शिरूर असो की दौंड, जेवणं आटोपली की आपल्या वाट्याला येतो तो मोरीतला भांड्यांचा ढीग. तेलकट कढईत पाणी ओतलं की तवंग पसरतो आणि साबणाचा थेंब पडला की झटकन बाजूला पळतो. आपण हे रोज पाहतो आणि विसरतो. जर्मनीतल्या एका मुलीनं मात्र ते मोजून पाहिलं. तिचं नाव ॲग्नेस पॉकेल्स.

तिचा जन्म १८६२ सालचा, व्हेनिसमधला. वडील ऑस्ट्रियाच्या सैन्यात होते. मलेरियानं त्यांची तब्येत ढासळली आणि १८७१ मध्ये हे कुटुंब जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगला आलं. ॲग्नेसला शाळेतच विज्ञानाची गोडी लागली होती. पण तिथल्या विद्यापीठांची दारं तेव्हा मुलींना बंद होती. धाकटा भाऊ फ्रिट्झ पदार्थविज्ञान शिकायला गेला. ही घरी राहिली. आजारी आईवडिलांची सेवा आणि घरकाम हिच्याच अंगावर. भाऊ मात्र जाण असलेला. तो तिला पुस्तकं पाठवायचा आणि कामं उरकली की ही वाचत बसायची.

वयाच्या विसाव्या वर्षी तिनं घरातल्या घरातच प्रयोग मांडला. पत्र्याचं लांबट, उथळ भांडं काठोकाठ पाण्यानं भरलं आणि त्यावर पत्र्याची एक पट्टी आडवी ठेवली. पट्टी सरकवली की पाण्याचा पृष्ठभाग लहान-मोठा व्हायचा. मग पाण्याला टेकवलेली बटणाएवढी चकती वर उचलायला किती जोर लागतो, ते ती छोट्या तराजूनं मोजायची. पाण्याचा वरचा थर ताणलेल्या पडद्यासारखा असतो. याला म्हणतात पृष्ठताण. पाण्यावर तेलकट पदार्थाचा पातळ थर असला आणि पट्टी सरकवून तो दाबत नेला, की एका ठरावीक जागी हा ताण एकदम उतरू लागतो, हे तिनं शोधून काढलं.

जवळजवळ दहा वर्षं हे काम वहीतच राहिलं. छापणार कोण? अखेर १८९१ च्या जानेवारीत तिनं धीर करून इंग्लंडचे नामवंत शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना जर्मन भाषेत पत्र लिहिलं. ते स्वतः याच विषयावर काम करत होते. पत्राचं मोल त्यांनी ओळखलं. त्यांच्या पत्नीनं त्याचं इंग्रजी भाषांतर केलं आणि मार्चमध्ये ते 'नेचर' या साप्ताहिकात छापून आलं.

पुढे अमेरिकेच्या लँगम्यूर यांनी तिच्या भांड्यात सुधारणा केली. १९३२ मध्ये याच क्षेत्रातल्या कामासाठी त्यांना नोबेल मिळालं आणि भांड्यालाही त्यांचंच नाव पडलं. त्याच वर्षी ब्राउनश्वाइगच्या तंत्र विद्यापीठानं सत्तर वर्षांच्या ॲग्नेसला मानद डॉक्टरेट दिली. १९३५ मध्ये ती गेली. कॉलेजची पायरी न चढलेली डॉक्टर!

आता म्हणाल, याचा आपल्याशी काय संबंध? दवाखान्यात साखर तपासताना बोटावरचा रक्ताचा थेंब पट्टीच्या टोकाला लावतात. ना पंप, ना बटण, तरी रक्त आपोआप आत ओढलं जातं. वाट इतकी बारीक झाली की द्रवाच्या वजनापेक्षा त्याच्या पृष्ठभागाची ओढच जास्त चालते. प्रयोगशाळांत आता काचेवर किंवा प्लॅस्टिकवर केसाएवढ्या नळ्या कोरून त्यांत तेल आणि पाणी एकत्र आणतात. पाण्याचे सारख्या मापाचे थेंब तयार होतात आणि साबणासारखा पदार्थ त्यांना एकमेकांत मिसळू देत नाही. एकेका थेंबात वेगळी तपासणी करता येते. द्रवांनी कुठं भेटायचं, कुठं वेगळं राहायचं, हे ठरवताना पृष्ठताणाचा हिशोब धरावाच लागतो.

मैत्रिणींनो, आज एक करून बघा. ताटलीत पाणी घ्या, वर चिमूटभर मिरपूड भुरभुरा आणि मधोमध साबणाचं बोट टेकवा. पूड कडेला पळेल. लेकीला जवळ बोलावून दाखवा आणि तिनं का, असं विचारलं, तर कामात आहे म्हणून तिला टाळू नका.