शिक्षक व्हायला काय लागतं? वयाच्या अटीवर अडलेल्या धोंडो केशव कर्व्यांची गोष्ट

मुळशी तालुक्यातल्या भुकूमहून पौड रस्त्याने पुण्याकडे निघालं की भूगाव आणि चांदणी चौक मागे टाकून कोथरूड लागतं. पुढे पौड फाट्याला हा रस्ता कर्वे रस्त्याला मिळतो. याच कर्वे रस्त्यावर श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचं, म्हणजे एसएनडीटीचं, पुण्यातलं संकुल आहे.

भुकूमसारख्या गावातल्या एखाद्या मुलीला पदवीनंतर बी.एड. करून शिक्षिका व्हायचं असेल, तर तिच्यापुढे आज ठरलेल्या पायऱ्या आहेत. मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी हवी. पदवीला किमान ५० टक्के गुण हवेत. महाराष्ट्रात राखीव प्रवर्गांसाठी ही अट ४५ टक्क्यांची आहे. राज्याच्या सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि मग केंद्रीभूत प्रवेश फेरीतून महाविद्यालय मिळतं. त्यानंतर दोन वर्षांचा अभ्यासक्रम.

अशा अटी कागदावर साध्या दिसतात. पण शिक्षक कोण होणार आणि कोण होणार नाही, हे बऱ्याच वेळा वर्गात नव्हे तर या दारातच ठरतं. ज्यांच्या नावाने हा रस्ता ओळखला जातो, ते महर्षी धोंडो केशव कर्वे स्वतः तरुणपणी अशाच एका दारातून परत पाठवले गेले होते. पुढे त्यांनी स्त्रियांसाठी एक विद्यापीठ उभं केलं आणि त्याच्या प्रवेशाच्या अटी स्वतः ठरवल्या.

चार दिवसांची पायपीट आणि नकार

कर्व्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या शेरवली या आजोळच्या गावी झाला. त्यांचं मूळ गाव दापोलीजवळचं मुरूड. घरची परिस्थिती बेताची होती. गावातल्या मराठी शाळेत त्यांना सोमण गुरुजींसारखे शिक्षक लाभले. देवळात लोकांना वर्तमानपत्र वाचून दाखवण्याचं काम या मुलाकडे आलं आणि गावाबाहेरचं जग त्याला तिथेच भेटलं.

त्या काळी मराठी शिक्षण पुरं केलेल्या मुलांसाठी सरकारी नोकरीची एक परीक्षा असे. ती उत्तीर्ण झाली की कारकुनी किंवा प्राथमिक शाळेतली शिक्षकाची नोकरी मिळण्याची वाट मोकळी होई. परीक्षेला बसायचं तर वयाची सतरा वर्षं पूर्ण असणं आवश्यक होतं. मुरूडच्या मुलांसाठी परीक्षेचं ठिकाण जवळ नव्हतं. १८७५ च्या पावसाळ्यात कर्वे आणि त्यांचे सोबती कुंभार्ली घाटातून पायी साताऱ्याला निघाले. शंभराहून अधिक मैलांचा रस्ता, वर पाऊस, खाली चिखल. चार दिवसांत ते साताऱ्याला पोचले.

तिथे परीक्षा समितीच्या प्रमुखांनी कर्व्यांकडे पाहिलं. हा मुलगा ठेंगणा आणि किरकोळ होता, सतराचा वाटत नव्हता. वयाचा दाखला त्यांच्याजवळ होता आणि त्यांचं वय खरोखरच पूर्ण झालेलं होतं. तरीही त्यांना परीक्षेला बसू दिलं नाही. कर्वे आले तसे परत गेले. पुढल्या वर्षी ते कोल्हापूर केंद्रावरून ती परीक्षा उत्तीर्ण झाले.

एका वर्षाचं नुकसान, एवढाच त्याचा हिशेब होऊ शकतो. पण पायी चालत आलेल्या गरीब मुलासाठी एक वर्ष ही लहान गोष्ट नसते. असा मुलगा कंटाळून शेतीकडे किंवा भिक्षुकीकडे वळला असता, तर त्यात नवल नव्हतं. कर्वे वळले नाहीत.

गणिताचे प्राध्यापक

मराठी शिक्षणानंतर ते इंग्रजीकडे वळले. आधी रत्नागिरीला आणि नंतर मुंबईच्या रॉबर्ट मनी शाळेत शिकून त्यांनी मॅट्रिक केलं, तेव्हा त्यांनी विशी ओलांडलेली होती. एल्फिन्स्टन कॉलेजातून १८८४ मध्ये गणित विषय घेऊन ते पदवीधर झाले. मुंबईत वेगवेगळ्या शाळांत आणि शिकवण्यांवर गणित शिकवत त्यांनी संसार चालवला. १८९१ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांच्या बोलावण्यावरून ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले.

त्याच वर्षी त्यांच्या पत्नी राधाबाई वारल्या. ११ मार्च १८९३ रोजी कर्व्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. गोदूबाई म्हणजे कर्व्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांची बहीण आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी. लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या. लोक त्यांना बाया कर्वे म्हणून ओळखत. या लग्नामुळे मुरूडने कर्व्यांना वाळीत टाकलं. त्यांच्या आईलाही त्याची झळ सोसावी लागली.

विधवेला घर नाही, शाळेला शिक्षिका नाही

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मुलींच्या शाळा वाढत होत्या, पण शिकवायला बायका मिळत नव्हत्या. मुली मोठ्या होऊ लागल्या की पुरुष शिक्षकाच्या वर्गात त्यांना पाठवायला पालक तयार नसत. सावित्रीबाई फुले यांनी १८४० च्या दशकातच अध्यापनाचं प्रशिक्षण घेतलं होतं. पुण्यात स्त्री शिक्षकांसाठी सरकारी ट्रेनिंग कॉलेजही सुरू झालं होतं. दार उघडं होतं, पण दारापर्यंत येणाऱ्या स्त्रियाच थोड्या होत्या.

याचं कारण प्रवेशाच्या आधीच्या पायरीत होतं. अध्यापनाच्या प्रशिक्षणाला जायचं तर मराठी शाळेच्या काही इयत्ता झालेल्या हव्यात. दहाव्या-बाराव्या वर्षी लग्न झालेल्या मुलीचं शिक्षण तिथेच थांबे. त्यातून ती विधवा झाली तर केशवपन, एका वेळचं जेवण आणि घरभर राबणं एवढंच तिच्या वाट्याला येई. तिच्याजवळ वेळ होता, गरज होती, अनेकदा बुद्धीही होती. नव्हता तो फक्त पात्रतेचा कागद.

कर्व्यांनी हे दोन प्रश्न एकत्र पाहिले. १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम सुरू केला. पुनर्विवाहाचं काम त्यांनी या संस्थेपासून मुद्दाम वेगळं ठेवलं. आश्रमात मुलगी पाठवली की तिचं पुन्हा लग्न लावून देतील, अशी भीती घरच्यांना वाटली असती, तर मुली आल्याच नसत्या. स्वतः विधवेशी लग्न केलेल्या माणसाने असा निर्णय घेणं अनेक सुधारकांना रुचलं नाही. पण मुलींनी शिक्षणापर्यंत पोचणं कर्व्यांना अधिक महत्त्वाचं वाटलं.

हिंगण्याची झोपडी

१९०० मध्ये आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याला, मिळालेल्या जागेवर बांधलेल्या झोपडीत गेला. आज तो भाग कर्वेनगर म्हणून शहराच्या मधोमध आला आहे. तेव्हा तिथे शेतं होती आणि धड रस्ताही नव्हता. दिवसा फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचं आणि संध्याकाळी सामानसुमान घेऊन पायी हिंगण्याला जायचं, हा कर्व्यांचा नेम वर्षानुवर्षं चालला.

आश्रमाच्या कामाला बाया कर्वे यांच्या धाकट्या बहीण पार्वतीबाई आठवले येऊन मिळाल्या. त्याही विधवा होत्या आणि त्यांचं शिक्षण प्रौढ वयात सुरू झालं. पुढे निधी गोळा करण्यासाठी त्या गावोगाव फिरल्या आणि इंग्रजी जेमतेम येत असताना थेट अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. १९०७ मध्ये कर्व्यांनी महिला विद्यालय काढलं. ते फक्त विधवांसाठी नव्हतं. पुढल्याच वर्षी या संस्थांना वाहून घेणारे कार्यकर्ते मिळावेत म्हणून निष्काम कर्ममठ सुरू झाला.

विद्यापीठ आणि प्रवेशाची नवी व्याख्या

१९१५ च्या सुमारास कर्व्यांच्या हाती जपानच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका आली. त्याच वर्षाअखेर मुंबईत भरलेल्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी भारतातही स्त्रियांचं विद्यापीठ असावं, ही कल्पना मांडली. १९१६ मध्ये विद्यापीठ सुरू झालं. त्याच्या पहिल्या महाविद्यालयात विद्यार्थिनी होत्या अवघ्या पाच.

त्या काळी मुंबई विद्यापीठात जायचं तर मॅट्रिक लागे आणि पुढचं सगळं शिक्षण इंग्रजीतून. मराठी शाळेत शिकलेल्या, घर सांभाळणाऱ्या बहुतेक मुलींसाठी ही भिंतच होती. कर्व्यांनी ती भिंत तीन ठिकाणी फोडली.

पहिली गोष्ट, विद्यापीठाने स्वतःची प्रवेश परीक्षा ठेवली. म्हणजे पात्रता तपासली जाणार होती, पण ती या मुलींनी जे शिक्षण घेतलं होतं त्याला धरून. दुसरी गोष्ट, शिक्षणाचं माध्यम मातृभाषा. इंग्रजी सक्तीचा विषय राहिला, पण इतिहास किंवा समाजशास्त्र समजण्यासाठी इंग्रजीची अट उरली नाही. इंग्रजी सक्तीचं असू नये असं महात्मा गांधींचं मत होतं; कर्व्यांनी मात्र तो विषय कायम ठेवला. तिसरी गोष्ट, महाविद्यालयात रोज हजर राहू न शकणाऱ्या स्त्रियांनाही घरी अभ्यास करून परीक्षा देता येई.

पदव्यांची नावंही वेगळी होती. पहिल्या पदवीला गृहीतागमा आणि पुढच्या पदवीला प्रदेयागमा म्हणत. गृहव्यवस्था आणि आरोग्य हे विषय अभ्यासक्रमात होते. यावर टीकाही झाली. बायकांना वेगळं आणि हलकं शिक्षण का, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि तो चुकीचा नव्हता. कर्व्यांचा भर मात्र ज्या मुली कोणत्याच महाविद्यालयात पोचत नव्हत्या, त्यांना आत आणण्यावर होता.

१९१७ मध्ये प्राथमिक शाळांतल्या शिक्षिका तयार करण्यासाठी अध्यापिका शाळा निघाली. आश्रम, शाळा, अध्यापिका शाळा, महाविद्यालय अशी सलग शिडी आता तयार झाली. एका पायरीवर मिळालेलं शिक्षण पुढच्या पायरीची पात्रता बनत होतं. निरक्षर म्हणून आलेली बालविधवा काही वर्षांनी मुलींच्या शाळेत शिकवायला उभी राहू शकत होती.

पदवी मिळाली, पण मान्यता?

अटी सोप्या केल्या तरी एक अडचण उरली. हे विद्यापीठ सरकारी कायद्याने स्थापन झालेलं नव्हतं. त्यामुळे त्याच्या पदवीला बाहेर काय किंमत मिळेल, हा प्रश्न प्रत्येक विद्यार्थिनीपुढे होता. मुंबई विद्यापीठाची पदवी घेतली तर नोकरीची खात्री जास्त, पण तिथे शिरणं अवघड. इथे शिरणं शक्य, पण पुढची खात्री कमी. आजही अभ्यासक्रमाला मान्यता आहे की नाही, हे प्रवेशाआधी तपासायला सांगतात, त्यामागचं कारण हेच आहे.

१९२० मध्ये उद्योगपती सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्रींचं नाव विद्यापीठाला मिळालं. पैशाची चिंता कमी झाली. कायद्याची मान्यता मात्र यायची होती. कर्वे सत्तरी ओलांडल्यावर युरोप, अमेरिका, जपान आणि आफ्रिकेत फिरून विद्यापीठाचं काम सांगत राहिले. विद्यापीठाला वैधानिक दर्जा मिळाला तो १९५१ मध्ये. तोवर कर्व्यांचं वय ९३ वर्षांचं झालं होतं.

त्यांच्याच दाराची मर्यादा

कर्व्यांच्या कामाला एक मर्यादाही होती. आश्रमातल्या सुरुवातीच्या मुली प्रामुख्याने ब्राह्मण आणि उच्चवर्णीय कुटुंबांतल्या होत्या. समाजाचा रोष आणखी वाढून संस्था बुडू नये, ही काळजी त्यामागे होती. पण त्याचा परिणाम असा, की जिला शिक्षणाची गरज तेवढीच होती अशी दुसऱ्या जातीतली मुलगी त्या दाराबाहेर राहिली. फुले दांपत्याने तिच्यासाठी कितीतरी आधी शाळा उघडल्या होत्या.

उतारवयात कर्वे या प्रश्नाकडे वळले. १९३६ मध्ये, ७८ व्या वर्षी, त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केलं. ज्या खेड्यांत एकही शाळा नाही तिथे शाळा काढणं हे त्याचं काम. त्यासाठी हा वृद्ध माणूस पुण्यात घरोघर जाऊन वर्गणी मागत असे. १९४४ मध्ये जातिभेद मोडण्यासाठी त्यांनी समता संघ काढला. १९५८ मध्ये, शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळालं. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, १०४ वर्षांचं आयुष्य जगून, पुण्यात त्यांचं निधन झालं.

आजच्या अटींकडे पाहताना

शिक्षक होण्यासाठी पात्रता असू नये, असं कर्व्यांनी कधी मानलं नाही. त्यांच्या विद्यापीठातही परीक्षा होती आणि नापास होणाऱ्यांना पुढे ढकललं जात नव्हतं. त्यांनी बदलली ती अटीची जागा. वय दिसतं कसं, घरची भाषा कोणती, मुलगी रोज घराबाहेर पडू शकते का, या गोष्टी त्यांनी पात्रतेतून काढून टाकल्या. विषय समजतो का आणि शिकवता येईल का, एवढंच तपासायचं ठेवलं.

आज बी.एड.च्या प्रवेशात परीक्षा समितीच्या प्रमुखाची नजर निर्णय घेत नाही. गुण, सीईटी आणि कागदपत्रं निर्णय घेतात. साताऱ्याला जे घडलं त्याच्या तुलनेत ही मोठी सुधारणा आहे. पण अर्जाची मुदत कळली नाही, जातीचा दाखला वेळेत मिळाला नाही किंवा पदवीला दोन टक्के कमी पडले, तर आजही दार बंदच होतं. म्हणून पदवीच्या शेवटच्या वर्षातच गुणांची अट, सीईटीच्या तारखा, लागणारे दाखले आणि महाविद्यालयाची मान्यता या चार गोष्टी पाहून ठेवणं शहाणपणाचं. साताऱ्याला दाखला जवळ असूनही कर्व्यांचा उपयोग झाला नव्हता. आज मात्र वेळेवर हातात असलेला दाखला कुणाला नाकारता येत नाही.