इंजिनीअर व्हायला निघालेल्या पोराने होड्या रंगवल्या आणि पॅरिसमध्ये राडा झाला

बंदरात लागलेल्या चार-सहा होड्या. आता यात वाद घालण्यासारखं काय आहे? पण १९०५ साली २५ वर्षांच्या एका पोराने त्या अशा रंगवल्या की पॅरिसचे जाणकार चवताळले.

पोराचं नाव आंद्रे देरँ. जन्म १८८० चा, पॅरिसजवळच्या शातू गावातला. वडिलांचं मिठाईचं दुकान जोरात चालायचं आणि घरच्यांचं स्वप्न आपल्याकडच्यासारखंच, मुलगा इंजिनीअर झाला पाहिजे. गड्याचं लक्ष मात्र रंगांत. १९०० मध्ये त्याची लोकल रुळावरून घसरली आणि त्या गोंधळात व्लामिंक नावाचा दुसरा रंगवेडा भेटला. दोघांनी मिळून स्टुडिओच थाटला.

मग आली सैन्यातली सक्तीची नोकरी. ती संपल्यावर पुन्हा तोच प्रश्न, इंजिनीअरिंग की चित्रकला? तेव्हा ११ वर्षांनी मोठा असलेला हेन्री मातीस थेट देरँच्या घरी गेला आणि त्याने आई-वडिलांना पटवलं. मातीस नसता तर देरँचं काय झालं असतं, सांगता येत नाही.

१९०५ च्या उन्हाळ्यात दोघं स्पेनच्या सीमेजवळच्या कोलिऊर या मच्छीमारांच्या गावात पोहोचले. इथेच त्या होड्या रंगल्या. वाळू केशरी-लाल, पाण्यावर निळ्या-हिरव्या रंगाचे सुटे ठोकळे, मध्ये कोरा कॅनव्हास तसाच सोडलेला. सावलीसुद्धा काळी नाही. भूमध्य समुद्राकाठचं ऊन एवढं प्रखर की सावलीतही त्याला उजेडच दिसायचा.

सोपं करून सांगायचं तर, कोपरहून वसईकडे जाणारी गाडी उल्हासची खाडी ओलांडते तेव्हा खाली पाणी मातकट दिसतं. बहुतेक चित्रकार ते मातकटच रंगवतील. देरँने आधी दुपारच्या उन्हाचा चटका रंगवला असता, मग पाणी जांभळं झालं तरी चालेल.

त्याच ऑक्टोबरमध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात ही मंडळी झळकली आणि समीक्षक लुई वोक्सेलने त्यांना 'फोव्ह', म्हणजे जंगली श्वापदं ठरवलं. शिवी होती, पण तेच चळवळीचं नाव झालं, फॉविझम. व्यापारी व्होलारने मात्र माल ओळखला. त्याने देरँला लंडनला पाठवलं. तिथे त्याने थेम्स नदी आणि तिच्यावरचे पूल याच भडक रंगांत रंगवले.

गंमत म्हणजे काही वर्षांतच देरँने हे रंग सोडले आणि जुन्या अभिजात चित्रकलेकडे वळला. नाव आणि पैसा दोन्ही मिळाले. पण १९४१ मध्ये फ्रान्सवर जर्मनांचा ताबा असताना तो नाझींच्या निमंत्रणावरून जर्मनीला गेला. युद्धानंतर शत्रूला साथ दिल्याचा ठपका बसला, अनेकांनी तोंड फिरवलं. तो डाग पुसला गेला नाही आणि पुसला जावा असं कारणही नव्हतं.

८ सप्टेंबर १९५४ ला वाहनाच्या धडकेनंतर देरँ गेला. दोनच महिन्यांत, ३ नोव्हेंबरला, मातीसही गेला.