पास्कलचा नियम आणि गाडीचा ब्रेक

ब्लेझ पास्कल यांचा जन्म १९ जून १६२३ रोजी फ्रान्समधील क्लेरमाँ येथे झाला. ते तीन वर्षांचे असतानाच आई वारली. वडिलांनी त्यांना घरीच शिकवले. वडिलांना करवसुलीचे किचकट हिशेब करावे लागत. ते सोपे व्हावेत म्हणून पास्कल यांनी १६४२ मध्ये आकडेमोडीचे यंत्र बनवायला घेतले. प्रकृती मात्र कायम नाजूक राहिली.

बंदिस्त द्रवावर एका जागी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे त्यांनी मांडले. १६६२ मध्ये पॅरिसमध्ये ठरलेल्या मार्गांवर धावणाऱ्या भाड्याच्या घोडागाड्या सुरू करण्यात त्यांचा पुढाकार होता. त्याच वर्षी १९ ऑगस्टला, अवघ्या ३९व्या वर्षी त्यांचे निधन झाले. द्रवांवरील त्यांचा ग्रंथ १६६३ मध्ये प्रसिद्ध झाला.

आजच्या मोटारीचा ब्रेक याच नियमावर चालतो. पेडलवरचा दाब मास्टर सिलिंडरमधून ब्रेक ऑइलमार्फत चाकांपर्यंत जातो. मात्र द्रव बंदिस्त हवा. गळती झाली की दाब निसटतो. आत हवा शिरली तर पेडल मऊ लागते, कारण हवा दबते. पेडल हळूहळू खाली जाणे, टाकीतील ऑइल कमी होणे, चाकाच्या आतल्या बाजूला किंवा नळीच्या जोडावर ओल दिसणे ही गळतीची लक्षणे. नुसते ऑइल भरणे हा उपाय नव्हे. मेकॅनिककडून खराब सील किंवा नळी बदलून, आतली हवा काढून घ्यावी. तोवर गाडी रस्त्यावर आणू नये.