वसईचे संत गोन्सालो गार्सिया आणि नित्याची उपकारस्तुती

ज्युबिलीचे वर्ष उजाडले म्हणजे धर्मग्रामात उपकारस्तुतीला सहजच भर येतो. देवळाला नवा रंग चढतो, पूर्वीच्या धर्मगुरूंची नावे आदराने घेतली जातात, पाया घालणाऱ्या आमच्या वाडवडिलांचे कष्ट आठवले जातात आणि पवित्र मिस्सानंतर सर्व मंडळी एकमुखाने परमेश्वराची स्तुती गातात. हे सर्व योग्यच आहे. परंतु ज्युबिली वर्षानुवर्षांनी एकदा येते. परमेश्वराचे दान मात्र रोज सकाळी आमच्या दाराशी उभे असते. पंचवीस किंवा पन्नास वर्षांनी एकदा मनःपूर्वक आभार मानणाऱ्या मंडळीने मधल्या हजारो दिवसांत काय केले, हा प्रश्न अशा सणाच्या दिवशीच स्वतःला विचारून पाहणे बरे. त्याचे उत्तर शोधण्यास फार दूर जावयास नको. आमच्याच वसईत जन्मलेल्या आणि आमच्याच देवळांतून ज्यांची मूर्ती आपण पाहतो, त्या संत गोन्सालो गार्सिया ह्यांचे चरित्र ह्या दृष्टीने थोडे न्याहाळू या.

गोन्सालो ह्यांचा जन्म इ. स. १५५६ च्या सुमारास वसई येथे झाला. सन १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात आली होती आणि किल्ल्याच्या तटाआड देवळे, मठ व शाळा उभ्या राहत होत्या. त्यांचे वडील पोर्तुगीज होते. आई ह्याच मातीतली, वसईची. एका बाजूस समुद्र आणि दुसऱ्या बाजूस भाताची खाचरे व उसाचे मळे, अशा ह्या सुपीक भूमीत त्यांचे बालपण गेले. किल्ल्यात येशूसंघीय धर्मगुरूंची शाळा होती. तेथेच त्यांस अक्षरओळख झाली व धर्मशिक्षण मिळाले. ख्रिस्ती घरातील प्रत्येक मूल ज्या दोन प्रार्थना सर्वांत आधी शिकते, त्या प्रभूची प्रार्थना व नमो मरिया, ह्या त्यांनी वसईतच पाठ केल्या असणार. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिच्याशी आपला संबंध येणार आहे.

संत फ्रान्सिस झेवियर हे सन १५४९ मध्ये जपानला पोहोचले होते, आणि त्यांनी घातलेल्या वाटेने येशूसंघीय धर्मगुरू त्या देशी जात असत. सेबास्तियांव गोन्साल्विस नावाच्या अशाच एका धर्मगुरूंबरोबर गोन्सालो वयाच्या सुमारे पंधराव्या-सोळाव्या वर्षी जपानला निघाले. तेथे त्यांनी जपानी भाषा इतकी आत्मसात केली की, धर्मशिक्षक ह्या नात्याने ते लोकांत मिळूनमिसळून वावरू लागले. सुमारे आठ वर्षे त्यांनी येशूसंघीयांची अशी सेवा केली. त्यांची एकच इच्छा होती, ती म्हणजे त्या संघात बंधू म्हणून आपणांस घ्यावे. परंतु तो प्रवेश त्यांस मिळाला नाही.

येथे क्षणभर थांबावेसे वाटते. तारुण्याची उत्तम वर्षे ज्यांच्यासाठी वेचली, त्यांच्याच दारातून परत फिरणे ही लहान गोष्ट नव्हे. अशा प्रसंगी मनुष्याच्या पुढे दोन वाटा असतात. एक, जे मिळाले नाही त्याची गणना करीत आयुष्य घालविणे. दुसरी, जे मिळाले आहे ते घेऊन पुढे चालणे. गोन्सालो पुढे चालले. त्यांनी व्यापार आरंभिला. बोलण्यात गोडवा, वागण्यात सचोटी आणि भाषेवर प्रभुत्व असल्यामुळे त्यांचा व्यापार चांगला चालला व पूर्वेकडील देशांत त्यांचे येणेजाणे वाढले. परंतु धनाने त्यांची मूळ ओढ शमली नाही. मनिला शहरी त्यांचा फ्रान्सिस्कन बंधूंशी परिचय झाला आणि सर्व व्यापार बाजूला सारून ते त्या संघात प्रापंचिक बंधू म्हणून दाखल झाले. प्रापंचिक बंधू म्हणजे धर्मगुरुपदाचा मान नाही. स्वयंपाक, झाडलोट, आजाऱ्यांची शुश्रूषा अशी घरातली कामे त्याच्या वाट्याला येतात.

फ्रान्सिस्कन संघाची राहणी ध्यानात घेतली म्हणजे ह्या बदलाचे मोल कळेल. संत फ्रान्सिस असिसीकर ह्यांनी आपल्या बंधूंस द्रव्याला शिवू नये असा नियम घालून दिला होता. श्रमाने मिळेल ते घ्यावे, न मिळाल्यास दारोदार भिक्षा मागावी, आणि पुढे येईल ते अन्न परमेश्वराच्या हातचे समजून खावे. सूर्य, चंद्र, वारा, पाणी व अग्नी ह्यांस आपली भावंडे मानून त्यांच्याबद्दल परमेश्वराची स्तुती करणारे तेच हे संत. कालपर्यंत नफातोटा मोजणारा व्यापारी आता भाकरीच्या तुकड्याबद्दल आभार मानावयास शिकला. ज्याच्याजवळ पुष्कळ आहे त्यास आभार मानणे सोपे, असे आपण समजतो. संतांचा अनुभव उलट आहे. ज्याचे हात भरलेले असतात त्यास दान दिसेनासे होते. रिकामा हात पुढे करणाऱ्यास त्याचे वजन कळते.

सन १५९३ मध्ये फिलिपिन्सच्या स्पॅनिश सुभेदाराने जपानचे सत्ताधीश हिदेयोशी ह्यांच्याकडे एक शिष्टमंडळ पाठविले. त्याचे प्रमुख फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाप्तिस्ता हे होते. त्यांस जपानी भाषा येत नव्हती. अशा वेळी दुभाषी म्हणून बंधू गोन्सालो ह्यांची निवड झाली. पूर्वी ज्या सेवेने त्यांची इच्छा सफल झाली नव्हती, त्याच सेवेत शिकलेली भाषा आता कामास आली. राजदरबारात ते बोलले आणि रोग्यांच्या खाटेपाशीही बोलले. जे मिळाले ते वाया गेले असे त्यांनी मानले नाही; ते दुसऱ्यांच्या उपयोगास लावले. आमच्या मते कृतज्ञतेचा हाच खरा अर्थ होय. आभाराचे शब्द ओठांवर येतात व विरून जातात; मिळालेले दान दुसऱ्याच्या हाती पोहोचले म्हणजे आभार पूर्ण झाले.

क्योतो नगरीत ह्या बंधूंनी एक लहानसे देऊळ बांधले व ते देवदूतांची राणी पवित्र मरिया हिला अर्पण केले. असिसीजवळ संत फ्रान्सिस ह्यांचे जे प्रिय देऊळ आहे, तेही ह्याच नावाचे असून पोर्सियुन्कुला ह्या नावाने ते जगात ओळखले जाते. त्या शब्दाचा अर्थ जमिनीचा लहानसा तुकडा, लहानसा वाटा. क्योतो येथे बंधूंनी महारोग्यांसाठी रुग्णालये चालविली. ज्यांस घरच्यांनीही टाकले, त्यांच्या जखमा धुणे, त्यांस भरविणे, त्यांच्याशी त्यांच्या भाषेत चार शब्द बोलणे, ही तेथील बंधूंची रोजची कामे होती, आणि ह्या कामांस गोन्सालो ह्यांच्या जिभेचा मोठा आधार होता. ह्या सेवेची इतिहासात मोठी वार्ता झाली नसेल. परंतु संतपणाची घडण अशाच दिवसांत होत असते.

हिदेयोशी ह्यांनी सन १५८७ मध्येच परदेशी धर्मगुरूंनी देश सोडावा अशी आज्ञा काढली होती. काही काळ ती कठोरपणे अमलात आली नाही. परंतु सन १५९६ च्या अखेरीस सान फेलिपे नावाचे एक स्पॅनिश गलबत जपानच्या किनाऱ्यास लागून फुटले, त्यातील मालावरून कलह उपस्थित झाला, आणि परदेशी लोक धर्माच्या आडून राज्य घेऊ पाहतात असा संशय बळावला. त्याच डिसेंबर महिन्यात फ्रान्सिस्कन बंधूंच्या घराभोवती पहारा बसला. पुढील जानेवारीत क्योतो येथे कैद्यांच्या डाव्या कानाचा भाग कापण्यात आला, त्यांस गाड्यांतून गावोगाव मिरविण्यात आले आणि ऐन हिवाळ्यात शेकडो मैल चालवीत नागासाकीस नेण्यात आले. निघताना ते चोवीस होते. वाटेत त्यांची सेवा करणारे आणखी दोन ख्रिस्ती त्यांच्यात सामील केले गेले व संख्या सव्वीस झाली. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय व सतरा जपानी गृहस्थ व मुले होती. सर्वांत लहान लुईस हा अवघा बारा वर्षांचा होता.

दिनांक ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस उभे राहिले. त्यांच्या अंतकाळाचे जे वर्णन त्या काळच्या साक्षींवरून ख्रिस्तसभेने जपले आहे, त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा आढळते, आणि ती म्हणजे उपकारस्तुती. बंधू मार्टिन ह्यांनी परमेश्वराच्या चांगुलपणाचे आभार मानीत स्तोत्रे गायिली. फ्रान्सिस्को ब्लांको ह्यांनीही मोठ्याने आभार मानले. पॉल मिकी ह्यांनी आपल्या मारेकऱ्यांस क्षमा केली. आणि आमचे गोन्सालो? त्यांनी मोठ्या स्वराने प्रभूची प्रार्थना व नमो मरिया म्हटली. मग भाल्यांनी त्यांचा देह विद्ध झाला.

पॉल मिकी ह्यांसारखे प्रवचन गोन्सालो ह्यांच्या नावावर नोंदलेले नाही. वसईत बालपणी जे शिकले, तेच शेवटी मुखी आले. पहिल्या प्रार्थनेत आपण पित्याजवळ फक्त आजच्या भाकरीची याचना करतो. दुसऱ्या प्रार्थनेत मरियेने आमच्या मरणाच्या घडीस आमच्यासाठी विनंती करावी असे म्हणतो. उभे आयुष्य ज्या घडीचा उच्चार ते करीत आले, ती घडी त्या प्रार्थनेसह त्यांच्यापुढे येऊन ठेपली. मोठ्या संकटात मनुष्य नवीन काही शिकत नाही. रोज जे म्हटले, रोज जे केले, तेच त्या वेळी त्याच्याजवळ उरते. म्हणून नित्याची प्रार्थना ही क्षुल्लक गोष्ट नव्हे.

ह्याचे आणखी एक प्रत्यंतर त्याच नागासाकीत दिसले. पुढे जपानात ख्रिस्ती धर्मावर सक्त बंदी आली. दोनशेहून अधिक वर्षे तेथील श्रद्धावंतांस धर्मगुरू नव्हते, देऊळ नव्हते, मिस्सा नव्हता. तरी आईबापांनी मुलांस प्रार्थना शिकविल्या, त्या मुलांनी आपल्या मुलांस. सन १८६५ च्या मार्च महिन्यात, ह्याच सव्वीस रक्तसाक्षींस अर्पण केलेल्या नागासाकीच्या नव्या देवळात काही गावकरी आले व आपली श्रद्धा त्यांनी धर्मगुरूंस हळूच कळविली. पिढ्यान् पिढ्या घराच्या कोपऱ्यात म्हटलेल्या प्रार्थनांनी एक ख्रिस्तमंडळी जिवंत ठेवली होती.

सन १६२७ मध्ये परमगुरू आठवे उर्बान ह्यांनी फ्रान्सिस्कन रक्तसाक्षींस धन्य म्हणून घोषित केले आणि ८ जून १८६२ रोजी परमगुरू नववे पायस ह्यांनी सर्व सव्वीस जणांस संतपद दिले. भारतात जन्मलेल्यांपैकी अशा रीतीने संतपद पावलेले पहिले आमचे गोन्सालो होत. सार्वत्रिक ख्रिस्तसभा ६ फेब्रुवारीस ह्या मंडळीचे स्मरण करते. वसईत गास येथील देऊळ त्यांच्या नावाने उभे आहे, आणि किल्ल्यातील पडक्या भिंतींमध्येही त्यांचे स्मरण आजवर जागते आहे.

आता आपल्याकडे वळू. विरारहून पहाटे गाडी धरणाऱ्या मनुष्यास, रुग्णालयात खाटेवर पडलेल्या आईस, नोकरी गेलेल्या तरुणास आभार मानावयास सांगणे ही थट्टा नाही काय, असे कोणी विचारील. प्रश्न खरा आहे. कृतज्ञता म्हणजे दुःख नाकारणे नव्हे, आणि अन्याय मुकाट्याने गिळणेही नव्हे. परंतु आमच्या प्रभूने ज्या रात्री त्याचा विश्वासघात झाला त्याच रात्री भाकर हाती घेऊन आभार मानले, आणि त्या आभारालाच आपण पवित्र मिस्सात रोज सामोरे जातो. ग्रीक भाषेत ह्या विधीचे जे मूळ नाव आहे, त्याचा अर्थच उपकारस्तुती असा आहे. तेव्हा दुःखाच्या दिवशीही उपकारस्तुतीला जागा आहे. किंबहुना त्याच दिवशी तिची अधिक गरज आहे.

ज्या दानाबद्दल आपण आभार मानीत नाही, ते जपण्याचेही आपणांस सुचत नाही. वसईच्या बावखलांकडे पाहावे. आमच्या पूर्वजांनी खणलेल्या ह्या गोड्या पाण्याच्या तळ्यांनी केळीच्या व फुलांच्या वाड्या पोसल्या. पाणी रोजचेच म्हणून त्याकडे दुर्लक्ष झाले, कित्येक बावखले बुजविली गेली, आणि आज पुष्कळ वस्त्यांत टँकरची वाट पाहावी लागते. माणसांच्या बाबतीतही असेच घडते. घरातील वृद्ध, रोज डबा भरून देणारी गृहिणी, पहाटे फुले खुडून बाजारात नेणारी शेजारीण, देवळाची घंटा वाजविणारा सेवक, ह्यांचे आभार त्यांच्या पश्चात मानण्यापेक्षा आजच मानावे.

ज्युबिलीनिमित्त आम्ही वाचकांस मोठा संकल्प सुचवीत नाही. जेवणापूर्वी घासभर थांबून परमेश्वराचे नाव घ्यावे. सायंकाळी घरच्या मंडळीने एकत्र बसून पवित्र माळ म्हणावी, आणि ती संपल्यावर त्या दिवशीचा एक उपकार प्रत्येकाने नाव घेऊन सांगावा. लहान मुलांनीही सांगावा. मिळालेल्यातला लहानसा वाटा ज्यास मिळाला नाही त्यास द्यावा. इतके घरोघर घडले तर पुढच्या ज्युबिलीस आमच्या मुलांनी गायिलेल्या स्तुतिगीतामागे रोजच्या उपकारस्तुतीचे बळ असेल.

वसईच्या संत गोन्सालो, ज्या प्रार्थना आपण ह्या भूमीत शिकलात त्याच आम्हीही शिकलो आहोत. त्या आमच्या घरांतून कधी लोपू नयेत, आणि आम्हांस रोजच्या भाकरीत पित्याचा हात दिसावा, म्हणून आमच्यासाठी विनंती करा. आमेन.