परळच्या ल्यूसीबाई आणि एक काळपट बरणी

मागे आमच्या कॉलेजात रक्तदान शिबिर होतं. हौसेने रांगेत उभी राहिले, बोटाला सुई टोचून घेतली आणि दोन मिनिटांत घरी पाठवले गेले. हिमोग्लोबिन १०.८. रक्त द्यायला किमान १२.५ लागतं. तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गात पोहोचेपर्यंत मला धाप लागते, छाती धडधडते, त्याला मी इतके दिवस ‘स्टॅमिना कमी’ असं गोंडस नाव दिलं होतं. त्या रात्री ॲनिमियाबद्दल वाचत बसले आणि एका बाईची गाठ पडली. बाई इंग्लंडच्या, पण त्यांचं सगळ्यात मोठं काम झालं ते आपल्या परळमध्ये. त्यांचं नाव ल्यूसी विल्स.

ल्यूसीचा जन्म १० मे १८८८चा, बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफील्डचा. घरचं बरं होतं आणि मुलीने शिकावं असं घरच्यांना वाटत होतं. मुलींना विज्ञान आणि गणित नीट शिकवणाऱ्या मोजक्या शाळांपैकी एका शाळेत ती गेली. पुढे केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात वनस्पतीशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकली. १९११ मध्ये परीक्षा पास झाली, पण डिग्री काही मिळाली नाही. कारण केंब्रिज तेव्हा मुलींना परीक्षेला बसू द्यायचं, पदवी द्यायचं नाही. ती त्यांना पूर्णपणे मिळायला १९४८ उजाडलं!

त्याच वर्षी वडील गेले, दोन वर्षांनी बहीण गेली. ल्यूसी आधी सिलोनला आणि नंतर दक्षिण आफ्रिकेला गेली. पुढे काय करायचं हे ठरलेलं नव्हतं. वय पंचवीस-सव्वीस, म्हणजे आपल्यासारखंच ‘आता पुढे काय’वालं. तेवढ्यात पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि केपटाउनमध्ये काही आठवडे तिने स्वयंसेवक नर्स म्हणून काम केलं. परतल्यावर १९१५ मध्ये तिने लंडनच्या मुलींच्या मेडिकल स्कूलमध्ये नाव घातलं. याच स्कूलमध्ये शिकलेल्या डॉ. जेरुशा जिराड या आपल्याकडच्या बेने इस्रायली डॉक्टर पुढे मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या. ल्यूसी १९२० मध्ये डॉक्टर झाली. पण दवाखाना थाटण्याऐवजी तिने प्रयोगशाळा निवडली. रॉयल फ्री हॉस्पिटलात गरोदरपणातल्या आजारांवर तिचं संशोधन सुरू झालं.

मुंबईत काय बिघडलं होतं?

तेव्हा मुंबईत गिरण्यांचे भोंगे वाजत होते. गिरणीत राबणाऱ्या आणि दाटीवाटीच्या चाळींत राहणाऱ्या गरीब बायका गरोदरपणात पांढऱ्याफटक पडत होत्या. अंगावर सूज, दम, धडधड आणि मग बाळंतपणात कित्येक जणी दगावत. डॉ. मार्गारेट बालफोर यांनी या मृत्यूंकडे लक्ष वेधलं आणि चौकशी सुरू झाली. त्यासाठी १९२८ मध्ये चाळीस वर्षांच्या ल्यूसीबाई परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाल्या.

या आजारात नेमकं काय होतं, ते आधी बघू. आपल्या अस्थिमज्जेत दर सेकंदाला साधारण वीस लाख लाल पेशी तयार होतात. एक पेशी जगते सुमारे १२० दिवस. नवी पेशी बनायची तर डीएनएची कॉपी व्हायला हवी. तिला लागणारा कच्चा माल नसेल, तर पेशी फुगत जाते, पण तिचं विभाजन होत नाही. मग रक्तात येतात मोजक्याच, पण अवाढव्य पेशी. पोटात बाळ वाढत असताना तर हा माल जास्तच लागतो. पेशी कमी म्हणजे ऑक्सिजन वाहून नेणारे हमाल कमी. ती तूट भरून काढायला हृदय जोरात पळतं, फुप्फुसं जोरजोरात श्वास ओढतात. म्हणजे दोघंही रक्ताची उधारी फेडत असतात. फार ताणलं की हृदयच थकतं, आणि बाई हातची जाते.

पेशी मोठ्या असण्याचं चित्र पर्निशस ॲनिमिया नावाच्या आजारातही दिसायचं. त्यावर लिव्हर खायला देण्याचा उपाय १९२६ मध्ये अमेरिकेत सापडला होता. पण गरिबाघरी रोज लिव्हर कुठून आणणार?

ताटात काय आहे?

ल्यूसीबाईंनी आधी जंतूंचा माग काढून पाहिला. काही हाती लागलं नाही. मग त्यांनी प्रश्न बदलला. या बायका खातात काय? वेगवेगळ्या समाजांतल्या बायकांच्या ताटांची त्यांनी पाहणी केली. ज्यांचं जेवण सगळ्यात अपुरं, त्या गरीब मुस्लिम बायकांमध्ये हा आजार सगळ्यात जास्त निघाला. भाजी, फळं, दूध हे सगळं ताटातून गायबच होतं.

मग तसाच आहार उंदरांना दिला. उंदीर आजारी पडले आणि यीस्ट दिल्यावर वाचले. पण इथे एक घोळ झाला. उवांमुळे उंदरांना वेगळाच संसर्ग होतो आणि त्यानेही ॲनिमिया होतो, असं लक्षात आलं. दुसरा कोणी असता तर हे गुपचूप गालिच्याखाली ढकललं असतं. बाईंनी पुढे माकडांवर नव्याने प्रयोग केले आणि तिथेही यीस्टचाच गुण आला.

यीस्टचा सगळ्यात स्वस्त अर्क कोणता? मार्माइट! बिअर बनवून उरलेल्या यीस्टपासून तयार होणारा काळपट, चिकट, खारट लगदा. इंग्रज तो ब्रेडला लावून खातात. मुंबईच्या आजारी बायकांना तो दिल्यावर थोड्याच दिवसांत त्यांच्या रक्तात नव्या पेशी दिसू लागल्या. १९३१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हे निष्कर्ष छापून आले.

बरणीत नेमकं काय आहे, हे मात्र बाईंना माहीत नव्हतं. पर्निशस ॲनिमियावर चालणारा शुद्ध लिव्हर-अर्क या बायकांना लागू पडत नाही, हे त्यांनी दाखवून दिलं. म्हणजे हा पदार्थ वेगळाच होता. लोक त्याला ‘विल्स फॅक्टर’ म्हणू लागले. १९४१ मध्ये तो पालकाच्या पानांतून वेगळा केला गेला आणि लॅटिनमधल्या ‘पान’ या शब्दावरून त्याला फॉलिक ॲसिड हे नाव मिळालं. प्रयोगशाळेत तो तयार करणाऱ्या अमेरिकी कंपनीतल्या संशोधनाची धुरा होती आंध्रच्या भीमावरमच्या यल्लाप्रगडा सुब्बराव यांच्याकडे.

सायकलवाल्या बाई

१९३७-३८ मध्ये बाई पुन्हा हाफकिनमध्ये येऊन काम करून गेल्या. एरवी लंडनमध्ये त्या सायकलवरून हॉस्पिटल गाठायच्या आणि सुट्टीत डोंगर चढायच्या. लग्न केलं नाही. १९४४ मध्ये हॉस्पिटलवर जर्मन उडता बॉम्ब पडला, माणसं गेली, पण त्यांचं काम चालू राहिलं. १९४७ मध्ये निवृत्त झाल्यावर फिजी, जमैकापर्यंत जाऊन त्यांनी ॲनिमियाचा अभ्यास केला. चेल्सीत मजूर पक्षाच्या नगरसेविकाही झाल्या. १६ एप्रिल १९६४ रोजी त्या गेल्या. १९९१ मध्ये एका मोठ्या चाचणीतून सिद्ध झालं, की गर्भधारणेआधीपासून फॉलिक ॲसिड घेतलं तर बाळाच्या मेंदू-मणक्याचे जन्मदोष बरेच टळतात. ते बघायला बाई नव्हत्या.

आज किशोरवयीन मुलामुलींना सरकार आठवड्याला एक निळी गोळी देतं. तिच्यात लोह असतं आणि ल्यूसीबाईंचं फॉलिक ॲसिड. माझ्या शाळेत ती मिळायची. मी ती बाकाखाली टाकायचे, अर्धा वर्ग टाकायचा. आपल्या देशात १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के स्त्रियांना ॲनिमिया आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते. त्यात बहुतेकींना लोह कमी पडतं, काहींना फॉलिक ॲसिड किंवा बी-१२. सीबीसी रिपोर्टमध्ये एमसीव्ही हा आकडा बघा. पेशीचा तो आकार साधारण ८० ते १०० असतो. खाली गेला तर बहुधा लोहाची कमतरता, वर गेला तर फॉलिक ॲसिड किंवा बी-१२ची शंका. निदान मात्र डॉक्टरांकडूनच करून घ्या.

मी डॉक्टरांकडे जाऊन आले. आता गोळी वेळेवर घेते, आणि तिच्यावर लगेच चहा पीत नाही, कारण चहामुळे लोह अंगी लागत नाही. मेसच्या ताटातली पालेभाजीही बाजूला सारत नाही. पुढच्या शिबिरात पुन्हा रांगेत उभी राहणार आहे.